शिवणाच्या बाईंची गोदावरी

आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंना नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटात. बाकी सगळ्या नाशकात त्या 'शिवणाच्या बाई'च. भाजीवाली, टांगेवाला, मुख्याध्यापिका, इतकंच काय, त्यांची घरमालकीणसुद्धा त्यांना याच नावानं हाक मारी. मीही इथं तेच ठेवते.

मी त्या मुलींच्या शाळेत लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. नुकतं ट्रेनिंग संपवलेलं, मराठी आणि इतिहास शिकवायचा, आणि वर्गात शिरताना पदर तीनतीनदा सारखा करायचा. बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असाव्यात. ठेंगण्या, सावळ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. नवरा वीस वर्षांपूर्वी जो निघून गेला तो परत आला नव्हता. कुणी विचारलंच तर त्या सरळ सांगत, "आमचे इंदूरला असतात." जणू पुढच्या गाडीनं येणार आहेत. कमरेला काळ्या गोफानं एक मोठी कात्री बांधलेली असे. चालताना ती किल्ल्यांच्या जुडग्यावर आपटे आणि मुली जिन्याखालूनच ओळखत की बाई आल्या.

कुणाच्या कपड्याचा टाका सुटलेला त्यांना बघवत नसे. मेन रोडवर अनोळखी माणसाला थांबवून "बटणाचा दोरा निघालाय, पडेल हो ते" म्हणायला त्यांना संकोच वाटत नसे. एकदा शाळातपासणीचे साहेब आले होते. मोठे कडक. सगळ्या शिक्षिका भिंतीला टेकून उभ्या. शिवणाच्या वर्गात साहेब मुलींना प्रश्न विचारत होते आणि बाई त्यांच्या तोंडाकडे न बघता कोटाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत होत्या. शेवटी राहवलं नाही. सुई ओवून पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "साहेब, जरा हलू नका."

साहेब खरंच हलले नाहीत. दोन मिनिटं तो माणूस श्वास रोखून उभा राहिला. बाईंनी दातानं दोरा तोडला, बटणावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हं, तुम्ही काय विचारत होता?" त्यांना काही आठवेना. त्या वर्षी शेऱ्यांच्या वहीत शिवणाच्या वर्गाबद्दल 'समाधानकारक' असं लिहून खाली दुहेरी रेघ मारलेली होती.

कापडाशी त्या बोलत. मांजरपाट म्हणजे त्यांच्या लेखी कामाचा गडी, रेशीम म्हणजे रुसकी नवरी, आणि खादी म्हणजे सासू. "हिला धाकात घेता येत नाही, हिच्या कलानं घ्यावं लागतं." मापाची फीत त्यांच्याकडे होती, पण पेटीत गुंडाळून पडलेली. त्या सुतळीनं माप घेत. प्रत्येक मुलीची एक सुतळी. खांदा, छाती, कंबर, उंची, प्रत्येकाला एक गाठ. वर्गाच्या भिंतीवर खिळ्यांना त्या सुतळ्या ओळीनं टांगलेल्या असत आणि कुठली कुणाची हे फक्त बाईंना ठाऊक. दर दिवाळीनंतर नव्या गाठी पडत. "पोरी वाढतात," त्या म्हणत, "पण त्यांच्या आयांना ते शेवटी कळतं."

मला शिवण येत नव्हतं. रिकाम्या तासाला मी त्यांच्या खोलीत जाऊन बसे, कारण तिथं खिडकीतून ऊन यायचं आणि मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, सहसा यायच्या नाहीत. शिवणाच्या बाई माझ्या हातात काहीतरी द्यायच्या आणि मी शिवलेलं माझ्यादेखतच उसवायच्या. "तुमचा टाका फार घाईत असतो. कुठं गाडी पकडायचीय त्याला?"

मला शाळेत तीन वर्षं झाली त्या वर्षी संमेलनासाठी मोठ्या बाईंनी स्वतः एक छोटं नाटक लिहिलं. समुद्राचा दरबार भरला आहे, देशातल्या नद्या एकेक करून येतात आणि आपली कहाणी सांगतात, असं काहीसं. बाकीच्या नद्यांना निळं पातळ आणि डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट चालणार होता. पण गोदावरी आमची. ती शेवटी यायची होती आणि तिचा वेष सगळ्यांत देखणा हवा होता. ते काम शिवणाच्या बाईंकडे आलं.

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर त्या मला घेऊन घाटावर गेल्या. हातात मलमलीची एक चिंधी. ती पाण्यात बुडवली, वर धरली, उन्हात फिरवली. मग तशाच निघाल्या. असं आम्ही आठवडाभर केलं. कधी सकाळी, कधी दुपारच्या सुट्टीत, कधी दिवेलागणीला. धुणं धुणाऱ्या बायका आमच्याकडे बघून हसत. एकीनं विचारलंदेखील, "काय हरवलंय का वो बाई?" बाई म्हणाल्या, "रंग हरवलाय. सापडला की सांगते."

तो त्यांना निळीत सापडला नाही. शाळेच्या मागच्या अंगणात तीन दगडांवर हंडा चढवून त्यांनी नीळ, हळद, डाळिंबाची साल असलं काय काय उकळलं. पहिला रंग "डबक्याचा" म्हणून फेकला. दुसरा "पोपटाचा." तिसरा हिरवट, किंचित मातकट असा उतरला तेव्हा त्यांनी हंड्यावर वाकून बराच वेळ बघितलं आणि मग मला म्हणाल्या, "हे श्रावण सरल्यावरचं पाणी."

वेष त्यांनी असा बेतला होता की मी अजून तसा दुसरा पाहिला नाही. डाव्या खांद्यावर बोटभर रुंदीची पांढरी मलमल. "त्र्यंबकला करंगळीएवढीच असते ती." तिथून ती पट्टी छातीवरून तिरपी उतरायची, रुंद होत जायची, रंग गडद होत जायचा, आणि कमरेखाली तिचा घोळदार परकर होऊन मागं चार हात लांब वाहायची. डोक्यावर बांबूच्या कामट्या आणि कागदाच्या लगद्याचा ब्रह्मगिरी. कमरपट्टा म्हणजे घाटाच्या पायऱ्या. करड्या कापडाचे कापूस भरलेले चौकोन एकाखाली एक. बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून कानांतले मासे केले. जुन्या चपला त्याच रंगातल्या कापडानं मढवल्या. तेव्हा आमच्या भागात द्राक्षांचे मळे नव्यानं लागत होते, म्हणून मनगटावर हिरव्या मण्यांचा एक घोस. सगळं एकाच हंड्यातलं, एकाच हातचं. मी म्हटलं, "बाई, चपला कोण बघणार आहे?" तर म्हणाल्या, "नदी बघेल."

महिनाभर हे चाललं. मी टिकल्या लावल्या, त्यांतल्या निम्म्या उसवल्या गेल्या. एक गोष्ट मला तेव्हा खटकली नाही, ती अशी की एवढ्या दिवसांत बाईंनी तो वेष कुणाला एकदाही घालून बघितला नाही.

गोदावरीचं काम मालतीला दिलेलं होतं. मालती वकिलांची मुलगी. गोरी, गोबरी, गोड गळ्याची. संमेलनाला दोन दिवस राहिले असताना रंगीत तालीम होती. मालतीला वेष चढवला. खांद्यावरची पट्टी घसरून दंडावर आली, कमरपट्टा मांड्यांवर बसला आणि परकर पुढूनच हातभर लोळायला लागला. मुली फिसफिसून हसल्या. मालतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मोठ्या बाई चढ्या आवाजात म्हणाल्या, "बाई, हे कुणाच्या मापाचं शिवलंत?"

शिवणाच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "अनुसयेच्या."



अनुसया शाळेतली एकुलती एक महार मुलगी. वडील पहिल्या लढाईत पलटणीत होते, आता देवळालीच्या छावणीत कामाला होते. मुलीला शिकवायचंच या हट्टानं त्यांनी तिला नाशकात आत्याकडे ठेवलं होतं. सरकारी ग्रँट असल्यामुळं शाळेला तिला नाही म्हणता आलं नाही. पण ती दाराजवळ वेगळ्या पोत्यावर बसायची, आणि शिवणाच्या तासालासुद्धा मशीनपासून लांब. उंच, सडपातळ, ताठ मानेची. कविता म्हणायला लागली की शेजारचा वर्ग थांबायचा. आणि ते दिवस असे, की देवळाच्या दारासाठी आणि कुंडाच्या पाण्यासाठी गावात सत्याग्रह चालू होता. घरोघरी त्यावरून भांडणं होत होती. माझ्याही घरी होत होती. म्हणजे वडील बोलत आणि आम्ही ऐकत होतो.

"तिला कुणी काम दिलंय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. पण गोदावरी या उंचीची आहे. हा आवाजही तिचाच आहे. तुम्हीही ऐकलाय तो, मोठ्या बाई."

मोठ्या बाई दुष्ट नव्हत्या. मला आजही तसं म्हणवत नाही. त्या खुर्चीवर बसल्या, चष्मा काढला. "ऐकलाय. पण मला ही शाळा सोमवारीही उघडायची आहे. परवा समोर सगळं गाव बसणार आहे. वेष मालतीच्या मापाचा करा."

"मी शिवते. असल्या कारणासाठी शिवलेलं उसवत नाही."

तेव्हा मोठ्या बाईंची नजर माझ्याकडे वळली. "तुम्ही कराल?"

मी "हो" म्हटलं. यात अवघड असं काहीच नव्हतं, फक्त तोंड उघडायचं होतं, आणि मी ते उघडलं.

दुपारी शिवणाच्या खोलीत गेले तर बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी कमरेची कात्री सोडून माझ्यापुढं ठेवली, एवढंच. मी खांद्याची शिवण उलटी केली. आतली बाजू बाहेरच्या बाजूइतकीच सुबक होती; कुठं दोरा लोंबत नव्हता, की कापडाची कच्ची कड दिसत नव्हती. मी उसवायला लागले.  खालून हातभर कापड कापून काढलं आणि ते जमिनीवर पडलं.

तेवढ्यात दारात अनुसया उभी राहिली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "बाई, ह्यो वेष माज्या मापाचा व्हता, आसं पोरी म्हनत्यात. खरं हाय का?"

"खरं आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांना वाटलं असावं, पोर रडेल, किंवा पाया पडेल.

"मला इचारलं व्हतं का?"

बाईंचा हात कमरेच्या कात्रीकडे गेला; ती तिथं नव्हती.

"तुमी शिवनार, मी घालनार, आन् सारं गाव खवळनार. खवळलेली मान्सं तुमच्या घरी नाय यायची, बाई. ती आमच्या वस्तीत येतील. मागल्या म्हैन्यात माज्या आत्याच्या मालकाचं डोकं फोडलं दगडानं. टाके पडलेत सात." तिचा आवाज चढला नव्हता, कवितेसारखाच स्वच्छ होता. "तुमी माज्या पाठीचं माप घेतलं. माजं मन काय म्हनतं, ते नाय घेतलं."

मी खाली मान घालून बसले होते. मला वाटलं बाई आता काहीतरी समजावतील. पण त्या उठल्या, दारापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "चुकलं माझं, अनुसया."

त्यांच्या तोंडून हे शब्द मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. तपासणीच्या साहेबांनासुद्धा त्यांनी ते ऐकवले नव्हते.

"मला वाटलं होतं, वेष तयार असला की माणसं आपसूक वाट देतील. खुळी आहे मी." मग विचारलं, "तुला नव्हतं का व्हायचं गोदावरी?"

अनुसयेनं माझ्या मांडीवरच्या वेषाकडे बघितलं. "व्हायचं व्हतं की," ती म्हणाली. "कोनाला नाय वाटनार? सारी भाषनं पाठ हायेत माजी. पन त्येच्या आधी मला ते चालवायचंय." तिनं हनुवटीनं मशीन दाखवलं. "तीन वर्सं झाली, लांबून बगते."

बाईंनी तिचा हात धरला आणि तिला उंबऱ्याच्या आत ओढलं. मशीनसमोरच्या स्टुलावर बसवलं. मी जमिनीवर पाडलेलं ते हिरवट कापड बाईंनी उचललं, दुमडलं, सुईखाली सरकवलं. "पाय दोन्ही. टाच आधी. चाकाला भिऊ नको, त्यालाही तुझं भय वाटतंय." पहिली टीप वाकडीतिकडी गेली. अनुसया हसली, तोंडावर हात ठेवून. त्या पोरीला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाईंनी तीही टीप उसवून टाकली आणि म्हणाल्या, "पुन्हा."

संमेलन झालं. मालतीनं छान काम केलं. तिचा काय दोष? ती आली तेव्हा सगळा मांडव "वाहवा" म्हणाला. परकर मागं वाहत होता, पत्र्याचे मासे दिव्यात चमकत होते, आणि पुढच्या रांगेतल्या बायका उठून तिच्या पायांतल्या चपला बघत होत्या. शिवणाच्या बाई मांडवात नव्हत्या. मी पडद्यामागं उभी होते. टाळ्या थांबल्या की मागच्या इमारतीतून मशीनचा आवाज यायचा, अडखळत, मग थोडा सलग, मग पुन्हा अडखळत.

त्यानंतर रोज शाळा सुटली की अनुसया मशीनवर बसू लागली. महिन्याभरातच तक्रारी आल्या. आमच्या मुली त्या मशीनला हात लावणार नाहीत, असं चार-पाच घरांतून चिठ्ठ्या. मोठ्या बाईंनी आपल्या परीनं तोड काढली. अनुसयेसाठी वेगळं जुनं मशीन कुठूनतरी मागवू, ते व्हरांड्यात ठेवू. शिवणाच्या बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मला कुठं ठेवाल? मी तर दोन्ही मशीनांना हात लावणार."

खोलीतलं मशीन त्यांचं स्वतःचं होतं, हे आम्हांला त्यांनी राजीनामा दिला तेव्हा कळलं. टांगा आणला, गड्यानं मशीन चढवलं. बाई मागं बसल्या, मशीनला दोन्ही हातांनी कवटाळून, लग्न लागलेली मुलगी सासरी पोचवायला निघावं तशा. फाटकात उभ्या असलेल्या आम्हां सगळ्यांना त्यांनी हात केला. मला म्हणाल्या, "टाका सावकाश घालत जा हो."

त्यांनी देवळालीला छावणीच्या रस्त्यावर एक खोली घेतली. अनुसयेचे वडील तिथंच होते. बाई गणवेश दुरुस्त करतात, मडमांचे झगे शिवतात, पोरींना शिकवतात, असं अधूनमधून कानावर यायचं. देवळाली काही लांब नाही. तासाभराचा रस्ता. मला तिथं जायला पाच वर्षं लागली.

गेले ते त्या आजारी असल्याचं कळलं म्हणून. नुकतीच दुसरी लढाई सुरू झाली होती आणि रस्त्यानं लष्करी मोटारींची ये-जा चालली होती. खोलीत तीन मशीनं होती. दोन मुली मान खाली घालून टिपा मारत होत्या आणि मोठ्या टेबलाशी अनुसया खाकी कापड बेतत होती. चांगली दणकट बाई झाली होती. शिवणाच्या बाई कोपऱ्यातल्या बाजेवर पडलेल्या, पार वाळलेल्या, डोळे मिटलेले. मी जवळ बसले, हात हातात घेतला. त्यांनी ओळखलं की नाही, कळलं नाही.

अनुसयेनं चहा केला. मी तो घेतला.  ती तीन वर्षं माझ्या वर्गात होती. तिची वही मी तिला टेबलावर ठेवायला सांगत असे, आणि ती चार पावलं मागं सरकली की उचलत असे. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं. आता ते सगळं बोलायचं होतं आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"मला एक पोलकं शिवून देशील का गं?"

अनुसयेनं माझ्याकडे बघितलं. सगळं तिच्या लक्षात होतं, हे मला त्या बघण्यातच कळलं. मग तिनं गळ्यातली फीत काढली. "उभ्या ऱ्हा, बाई. खांदे सैल सोडा."

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मानेपासून दंडापर्यंत फीत लावली, पाठीवरून तळवा फिरवला, कंबर मोजली, दंड उचलून धरला. निगुतीनं, कुठलीही घाई न करता. मी डोळे मिटून घेतले, नाहीतर तिला दिसलं असतं.

"काखंत अंगासरशी ठेवू ना?" तिनं विचारलं.

कोपऱ्यातल्या बाजेवरून क्षीण, पण जुन्याच धाकाचा आवाज आला. "सैल ठेव. मास्तरीण आहे ती, फळ्यावर लिहावं लागतं तिला."

अनुसयेनं पेन्सिल कानावरून काढली आणि माप अर्ध्या इंचानं वाढवून लिहिलं.